दाढीवाले बुवा आणि टेंपोतले तात्या

रेशनच्या दुकानातल्या मशीनला माझा अंगठा मान्य नाही. दर महिन्याला मी तो टेकवते, मशीन नकार देतं, दुकानदार म्हणतो, "ताई, पदराला पुसून परत लावा," आणि मागे उभ्या असलेल्या बायका उसासे टाकतात. पुसून काय होणार? अंगठ्यावरच्या रेषाच झिजून गेल्या आहेत. इतकी वर्षं दगडाची बारीक पूड आणि तेल याच बोटांनी मळलं, त्यात दगडाबरोबर मीही थोडी घासली गेले. शेवटी डोळे दाखवून माझं धान्य सुटतं. डोळ्यांचंही आता फारसं खरं नाही, पण ते अजून मशीनच्या लक्षात आलेलं नाही.

मी अंगठीच्या खड्यांवर माणसांची तोंडं कोरायचे. असं सांगितलं की लोक विचारतात, म्हणजे सोनारकाम का? नाही. मग मूर्तिकाम? तेही नाही. माझ्या सख्ख्या जावेला अजून वाटतं की मी नेरळला कुठल्या तरी शेडमध्ये बांगड्यांना टिकल्या चिकटवत होते. दिवाळी अंकाच्या निमित्ताने तिलाही एकदा कळू दे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

लाल अकीक नावाचा दगड असतो. काकवीच्या रंगाचा, उजेडात धरला की आतून पेटल्यासारखा. त्याचा बोटाच्या पेरापेक्षाही लहान, लांबट गोल खडा घ्यायचा. टेबलावर एक बारीक सळई मोटरवर गरगर फिरत असते, तिच्या टोकाला तेलात कालवलेली हिऱ्याची पूड लावायची आणि खडा हातात धरून त्या टोकावर हलवायचा. चित्र काढताना कागद जागेवर असतो आणि पेन्सिल फिरते. आमच्याकडे पेन्सिल जागेवर फिरते आणि कागद हलवावा लागतो. त्यातून दगडावर सगळा काळा राडा झालेला असतो, त्यामुळे आपण काय कोरतोय ते दिसतच नाही. थोडं कोरायचं, पुसायचं आणि शाडूच्या मऊ गोळ्यावर खडा दाबून बघायचं. गोळ्यावर जे उमटतं ते खरं चित्र.

म्हणजे सगळं उलटं. नाक चेहऱ्यात सगळ्यात वर असतं, म्हणून दगडात ते सगळ्यात खोल खणायचं. आणि खड्यावर जो माणूस डावीकडे बघतो तो शाडूवर उजवीकडे बघतो. नवीन मुली पहिले काही महिने यातच गांगरून जायच्या. शिवाय दगडातून काढलेलं परत घालता येत नाही. त्यामुळे आमच्या हातून नाक मोठं होऊ शकतं, लहान कधीच नाही. घरी कुणी लागेल असं बोलून गेलं की मला हेच आठवतं.

ही शेड नेरळला होती. तिचे मालक, त्यांना आम्ही शेठ म्हणायचो, दगडांचे वेडे होते. परदेशातलं एक दुकान जुन्या रोमन अंगठ्यांच्या नकला विकायचं, नकला म्हणून उघडपणे, आणि त्या नकला आम्ही कोरायचो. जुने मूळ खडे कुठल्या कुठल्या संग्रहालयांत, आमच्याकडे यायचे त्यांचे प्लॅस्टरमधले ठसे. त्यावर देव असायचे, घोडे, सिंह, देखण्या बायका. आणि असायचे तत्त्वज्ञ. माझ्या वाट्याला कायम तत्त्वज्ञ आले, कारण माझा हात दाढीवर चांगला चालतो असं शेठचं मत होतं.

आम्ही मुली त्यांना बुवा म्हणायचो. एक नकटेबुवा होते, टकलावर मोजके केस, चपटं नाक. विषाचा पेला पिऊन गेलेले ते हेच, असं शेठ म्हणायचे. एक लांबदाढे. एक हनुवटीला हात लावून विचारात पडलेले, त्यांना आम्ही गॅस संपलेले बुवा म्हणायचो. बऱ्याच जणांची नावं तर मोठ्या विद्वानांनाही ठाऊक नव्हती. ठशाखाली नुसतं लिहिलेलं असायचं, कोणी एक तत्त्वज्ञ.

हे लोक अंगठीवर कशाला, असं मी शेठना विचारलं होतं. ते म्हणाले, "आपल्याकडे गळ्यात गुरूंचा फोटो घालतात की नाही? तसंच. एका बुवांचे शिष्य तर त्यांचं तोंड अंगठीवर घालायचे आणि पाणी प्यायच्या पेल्यावरसुद्धा कोरून घ्यायचे. थोड्यात सुख माना, मरणाला भिऊ नका, एवढंच ते बुवा सांगायचे."

"मग तेवढं लक्षात ठेवावं. दाढी कशाला पाहिजे?" मी म्हणाले. शेठ हसले.

मला दुसरीही एक शंका होती. हे सगळे बुवा बाजूला का बघतात? समोर बघायला लाजतात की काय? शेठ म्हणाले, समोरून कोरलं तर नाक दिसत नाही, बाजूने कोरलं की कपाळ, नाक, ओठ, दाढी अशी एका रेषेत माणसाची ओळख पटते. उत्तर बरोबर होतं. मी ते बरीच वर्षं धरून चालले.

म्हातारा कोरायला सोपा आणि तरुण अवघड, हे इथेच कळलं. सुरकुती म्हणजे चूक लपवायला मिळालेली जागा. गुळगुळीत गालावर हात जरा हलला की खडा गेला. सगळ्यात कठीण कान. आमच्या ठशांतले निम्मे कान फुटके असायचे, मग ते पुरे कुठून करायचे? मी बाजारात, बँकेत, माथेरानच्या गाडीच्या रांगेत लोकांचे कान बघत उभी राहायचे. नेरळच्या एका चहावाल्याचा कान एका थोर तत्त्वज्ञाला लावून मी परदेशी पाठवला आहे. चहावाल्याला हे सांगितलं तेव्हा त्याने मला चहा फुकट दिला आणि माझ्यापासून जरा लांब उभा राहिला.

पुढे शेड बंद झाली. आता मशीन खडे कोरतं. वाईट कोरत नाही, पण मशीनचे सगळे बुवा एकाच शाळेतून शिकून आल्यासारखे दिसतात. मी माझं टेबल घरी आणून खिडकीशी मांडलं आणि जमेल तसं काम घेत राहिले. गिऱ्हाईक बहुतेक कर्जतच्या अण्णा सोनारांकडून यायचं. कर्जतकडे बंगला बांधलेले एक मुंबईचे साहेब आले होते. त्यांना अंगठीवर स्वतःचंच तोंड हवं होतं, पण तत्त्वज्ञासारखं. गुळगुळीत दाढी केलेला माणूस. म्हणाले, दाढी तुम्ही घाला. त्यांची बायको शेजारी बसली होती. ती म्हणाली, "दाढी त्या घालतील हो. आत काय घालायचं ते तुमचं तुम्ही बघा." साहेबांनी तरीही अंगठी करून घेतली आणि बाईंना ती फार आवडली.

पण हा लेख मी लिहायला घेतला तो दत्तासाठी आणि त्याच्या आईसाठी.

दत्ता खालापूरच्या पुढच्या एका गावचा, रसायनीच्या कारखान्यात नोकरीला. अण्णा सोनारांनी त्याला माझ्याकडे पाठवलं. त्याचे वडील, तात्या, वारले होते आणि वर्षश्राद्ध झालं की दुसऱ्या दिवशी देव्हाऱ्यात त्यांचा टाक बसवायचा होता. टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवलेलं लहानसं चित्र. आमच्याकडे काही घरांत देवांबरोबर गेलेल्या वाडवडिलांचेही टाक पुजतात. सोनाराकडे त्याचा एक तयार साचा असतो, घोड्यावर बसलेला वीर. कोणीही गेला तरी तोच घोडा आणि तोच वीर. दत्ताला ते नको होतं.

"ताई, तात्या जन्मात घोड्यावर बसले नाहीत," तो म्हणाला. "त्यांचंच तोंड उठवून पाहिजे. अण्णा बोलले, तुम्ही दगडावर उलटं कोरता, त्यावर चांदी दाबली की तोंड सुलटं येईल."

ते खरंच होतं. पत्रा तापवून मऊ केला आणि हळूहळू खड्यात बसवला की शाडूसारखीच चांदीवरही आकृती उठते. अंगठीचा खडा यासाठी लहान पडला असता, म्हणून मी चांगल्या सुपारीएवढा अकीक घ्यायचं ठरवलं. तात्यांचा फोटो मागितला. दत्ताने आधार कार्ड काढलं. आधारवरच्या फोटोत माणूस स्वतःलाही ओळखत नाही, तिथे मी काय ओळखणार? मग त्याने फोनमधले फोटो दाखवले. सगळ्यांत तात्या पोलिसांनी धरून आणल्यासारखे कॅमेऱ्यासमोर ताठ उभे. बसकं नाक, टक्कल, आठवड्याची पांढरी दाढी, गालाची हाडं वर. माझ्या मनात आलं, हे तर आपले नकटेबुवाच.

दत्ताची नजर तेवढ्यात टेबलावरच्या एका ठशाकडे गेली. "असं तेज यायला पाहिजे तोंडावर," तो म्हणाला. मग म्हणाला, "आणि आमच्या देव्हाऱ्यातले सगळे टाक उजवीकडे बघणारे आहेत. तात्यापण तसेच करा."

तात्या कोण होते, हे मी कोरता कोरता त्याच्याकडून ऐकत गेले. त्यांचा टेंपो होता. रोज सकाळी शेतातली आणि गावातली भाजी भरून ते मोहोपाड्याच्या स्टाफ कॉलन्यांत जायचे. शेजारच्या सीटवर यमुनाबाई, दत्ताची आई. तात्या चालवायचे, यमुनाबाई विकायच्या. तात्या कमी बोलायचे, त्यांच्या वाटचंही यमुनाबाई बोलायच्या. लग्न झाल्यावर आधी बैलगाडी होती, मग टेंपो आला, पण दोघांच्या जागा त्याच राहिल्या.

मी खडा पुरा केला. अण्णांनी चांदी उठवली. झकास उठली. अण्णांची एक रीत आहे, टाक देव्हाऱ्यात जायच्या आधी तो घरातल्या मोठ्या बाईच्या हातात द्यायचा, तिने हो म्हटल्याशिवाय काम संपलं असं धरायचं नाही. त्यांचे गुडघे दुखत होते, म्हणून टाक घेऊन मी दत्ताबरोबर त्याच्या गावी गेले.

यमुनाबाई ओसरीवर बसल्या होत्या. हाडकुळ्या, नाकात मोरणी, नजर एकदम तीक्ष्ण. टाक तळहातावर घेऊन त्यांनी बराच वेळ बघितला. मग पदराने पुसून मला परत दिला.

"काम चांगलं हाय गं," त्या म्हणाल्या. "पन हे आमचे न्हवं."

"आये, नीट बघ ना," दत्ता म्हणाला.

"नीटच बघितलं. कुनी तरी मोठा मानूस हाय. आमचे नाय."

मला राग आला नाही असं म्हणणार नाही. इतक्या वर्षांत मी कुणाचं तोंड चुकवलं नव्हतं. पण मागून विचार केला, दत्ताच्या त्या तेजाच्या नादात कपाळ जरा जास्तच भव्य झालं असेल. म्हणून पुन्हा नवा खडा घेतला. यावेळी फोन समोर ठेवून तात्यांची एकेक खूण मोजून कोरली. कपाळ उतरवलं, दाढी विरळ केली, खालचा ओठ जरा पुढे आणला. अण्णांनी पुन्हा चांदी उठवली आणि म्हणाले, "शालूताई, आता त्यांच्याकडून भाजी घेतलेली कॉलनीतली बाईसुद्धा ओळखेल."

कॉलनीतल्या बाईने ओळखलं असतं. यमुनाबाईंनी ओळखलं नाही.

"नाक त्यांचं हाय," त्या बोट फिरवत म्हणाल्या. "दाढीपन हाय. कानावर बिडी नाय, पन ऱ्हाऊ दे."

"आये, देव्हाऱ्यात बिडी?" दत्ता म्हणाला.

"म्हनूनच बोलले ना, ऱ्हाऊ दे. पन सगळं असून हे ते न्हवं."

दत्ताचा धीर सुटला. वर्षश्राद्ध तोंडावर आलेलं, नोकरीतून सुट्या काढून त्याच्या फेऱ्या चाललेल्या. "मग काय तात्यांनाच बोलवून आनू का आता?" असं तो बोलून गेला आणि लगेच जीभ चावली. यमुनाबाई उठल्या, सूप घेऊन बाहेर गेल्या. दत्ता मला हळूच म्हणाला, "ताई, ती भिंतीवरच्या फोटोकडंपन बघत नाही. आणि मी तो टेंपो विकायला काढलाय ना, त्याचा राग असणार. गिऱ्हाईक आलंय, श्राद्ध झालं की घेऊन जाणार. नुसता उभा राहून गंजतोय, काय करू?"

भिंतीवर आधार कार्डाचाच फोटो मोठा करून लावला होता, त्याला हार. तात्या आमच्याकडे बघत होते आणि त्यांनाही आम्ही ओळखीचे वाटत नव्हतो.

मी बाहेर आले. अंगणाच्या कडेला टेंपो उभा होता. यमुनाबाई त्यांच्या रोजच्या जागेवर, ड्रायव्हरच्या डाव्या बाजूच्या सीटवर बसून सुपात वालाच्या शेंगा सोलत होत्या. मी पलीकडून दार उघडून ड्रायव्हरच्या सीटवर बसले. दुसरी जागाच नव्हती. स्टिअरिंगला तात्यांनी गुंडाळलेली दोरी हातांनी काळी झाली होती.

"मावशी, माझ्यावर रागावलात?" मी त्यांच्याकडे वळून विचारलं.

"पुढं बघ गं," त्या शेंगांतून मान वर न काढता म्हणाल्या आणि मग दोघीही थबकलो. त्यांना हसू आलं. "सवय लागलीय. हे सारखे वळून बघायचे. मी काय तरी बोलले की वळले. गाडी कोन चालवनार मग? आख्खा जल्म मी त्यांना, पुढं बघा, पुढं बघा, म्हनत आले."

मी पुढे बघितलं. समोर कुंपण आणि पेंढ्याची रास. त्या बोलत राहिल्या.

"तुज्यावर कशाला रागावू? तू मेहनत केलीस. मला सांगायची लाज वाटते, पोरी. मला त्यांचं तोंड आठवंना झालंय. सुरवातीला डोळे मिटले की दिसायचे. आता दिसत नाय. भितीवरचा फोटो बघितला की जे उरलंय तेबी पुसून जातंय, म्हनून तिकडं बघत नाय. हितं येऊन बसले की जरा जरा येतात. आता टेंपो जानार. मंग मी त्यांना कुठं बघू?"

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. मी पुढे बघत बसले आणि त्या माझ्याकडे बघत होत्या, माझ्या डाव्या गालाकडे, डाव्या कानाकडे. ते मला कातडीवर जाणवलं आणि एकदम डोक्यात उजेड पडला.

"मावशी, तुम्ही त्यांना समोरून कधी बघितलंत?"

"समोरून?" त्यांनी जरा विचार केला. "समोरून बघायला येळ कुनाला व्हता? लग्नात अंतरपाट सरला तवा बघितलं असंल. तवा मान खाली व्हती माजी."

बैलगाडीत डाव्या अंगाला, टेंपोत डाव्या अंगाला. यमुनाबाईंचे तात्या म्हणजे तात्यांची डावी बाजू, नाक यमुनाबाईंच्या डाव्या हाताला, रस्त्याकडे. फोनमधले तात्या समोर बघणारे आणि माझे तात्या उजवीकडे बघणारे. ते टेंपोतून उतरून उलट्या दिशेने निघालेल्या माणसासारखे दिसत असतील त्यांना.

मघाशी परत घेतलेला टाक माझ्या पिशवीतच होता. टेंपोचा आरसा मी त्यांच्याकडे वळवला, धुळीने भरलेला होता तो पदराने पुसला आणि टाक त्याच्यासमोर धरला. आरशात चांदीचं तोंड फिरलं आणि डावीकडे बघू लागलं.

यमुनाबाई वाकून बघत राहिल्या. सूप मांडीवरून घसरलं, वालाचे दाणे पायाशी सांडले, तरी त्यांनी हात पुढे केला नाही.

"हे," त्या म्हणाल्या. "हे बघ. हे हायेत."

आणि मग त्या रडल्या, मोठमोठ्याने, घरातून दत्ता धावत येईपर्यंत. मीही रडले. धंद्यात रडू नये असं शेठ सांगायचे, पण शेठ त्या टेंपोत नव्हते.

घरी आले ती तिसरा खडा घेऊन बसले. आता तात्यांना दगडात उजवीकडे तोंड करून कोरायचं होतं, म्हणजे चांदीत ते डावीकडे बघतील. हा खडा कोरताना मला सारखे आमचे बुवा आठवत होते. त्या शिष्यांना मी हसले होते, शिकवण लक्षात ठेवा, दाढी कशाला पाहिजे म्हणून. शिकवण कुठेतरी लिहिलेली राहते, कुणीतरी सांगणारं मिळतं. तोंडच आधी जातं. आणि बुवा बाजूला का बघतात याचंही उत्तर मला या वयात मिळालं. शेठचं उत्तर कोरणाऱ्याचं होतं. पण जो जन्मभर शेजारी बसला, चालला, जेवला, त्याला माणूस असाच दिसतो, बाजूने. समोरून बघतात ते परके किंवा फोटो काढणारे. रोममध्ये कुणीतरी आपल्या गुरूच्या कुठल्या बाजूला बसत असेल आणि कोरणाऱ्याला सांगत असेल, इकडून नको, इकडून. कोणी एक तत्त्वज्ञ म्हणून ज्यांचं नाव हरवलं त्यांच्याही शेजारी कुणी बसलेलं असणार. मी त्यांची इतकी तोंडं कोरली आणि एकदाही त्या शेजारच्या माणसाचा विचार केला नाही, याचं आता वाईट वाटतं.

अण्णांनी चांदी उठवायला घेतली तेव्हा कुरकुर केली. सगळे टाक एकीकडे बघणारे आणि हा एकटा दुसरीकडे, हे त्यांना पटेना. "त्या बाईंना विचारा," मी म्हणाले. "मोठ्या बाईने हो म्हणायचं ही रीत तुमचीच ना?" मग त्यांनी मुकाट्याने पत्रा तापवला.

टाक बसवायला त्यांनी मला आग्रहाने बोलावलं होतं. मी गेले तेव्हा अंगण मोकळं होतं. श्राद्ध आदल्या दिवशी झालं होतं आणि टेंपो सकाळीच गेला होता. मातीत चाकांच्या खुणा तेवढ्या होत्या. यमुनाबाई आत देव्हाऱ्यासमोर बसल्या होत्या. त्यांनी टाक हातात घेतला, यावेळी लगेच मान डोलावली आणि तात्यांच्या कानावरून अंगठा फिरवला. तिथे एक बारीक उभारी होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं. ती केसांची बट आहे असं मी दत्ताला आधीच सांगून ठेवलं होतं. टकलावर बट कुठून आली, हे त्याने विचारलं नाही.

टाक रांगेत ठेवल्यावर मात्र दत्ता घुटमळला. "आये, उलटं दिसतंय गं. सगळे इकडं आनि तात्या तिकडं."

"दिसू दे," यमुनाबाई म्हणाल्या. "ते घोड्यावर हायेत. हे टेंपोत हायेत."

त्यांनी तात्यांना उचलून रांगेच्या उजव्या टोकाला ठेवलं. मग स्वतःचा पाट ओढून उजव्या बाजूला, अगदी भिंतीशी नेला आणि भिंतीला पाठ लावून, तात्यांसारखंच डावीकडे तोंड करून आडव्या बसल्या. देव्हाऱ्यापुढे असं कुणी बसत नाही, पण त्यांना कुणी काही बोललं नाही. दत्ताच्या बायकोने वालाच्या शेंगांनी भरलेलं सूप आणून दिलं. त्या शेंगा सोलायला लागल्या, आणि हळू आवाजात काहीबाही सांगायला लागल्या, कुणाच्या वालाला कीड लागली, कॉलनीतल्या कुठल्या बाई विचारत होत्या. मी दारात उभी राहून ऐकत होते.

मध्येच त्या थांबल्या, मान उजवीकडे करून देव्हाऱ्याकडे बघितलं आणि जरा दटावूनच म्हणाल्या, "पुढं बघा हो."

दत्ताने माझ्याकडे बघितलं. मी टाकाकडे बघितलं. तात्या पुढेच बघत होते.